जॉबरकाकांची दिवसपाळी

जॉबरकाका कुठल्याही वस्तूवर आधी हात ठेवायचे आणि मग बोलायचे. लूम बिघडली की तिच्या लोखंडी चौकटीवर उजवा तळवा टेकवायचे, मान जराशी कलती करायचे आणि डोळे मिटायचे. कामगार गप उभे. मिनिटभराने काका सांगायचे, "डावीकडचा पट्टा ढिला हाय," नाहीतर "धोटा घासतोय, बदल." चुकायचे नाहीत. ही सवय कारखान्यापुरती नव्हती. आमचा मिक्सर, शेजारणीची शिलाई मशीन, सगळ्यांना त्यांचा हात लागलेला. एकदा वाड्याला जाणाऱ्या एसटीत पुढच्या सीटची दांडी धरून म्हणाले, "ही गाडी अंबाडीच्या पुढं जायाची न्हाय." अंबाडी नाक्यावर गाडी खरंच बंद पडली, आणि बसमधल्या बायकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनीच ती पाडली.

जॉबर म्हणजे लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणारा. भिवंडीत हे कुणाला सांगावं लागत नसे. काका आणि माझे बाबा एकाच कारखान्यात, बाबा लूम चालवायचे. दोघेही अंबाडीपलीकडच्या गावांतून आलेले, एकाच गल्लीत राहणारे. काकांचा कान सोन्याचा आहे, असं सगळे कारखानदार म्हणायचे. लूम शंभर आवाज करते, त्यातला खोटा आवाज यांना बरोबर सापडतो, अशी ख्याती.

खरी गोष्ट अशी होती की काकांना ऐकूच येत नव्हतं. तीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यावर कुणाला येईल? कारखान्यात ते कुणाच्या ध्यानात येत नसे, कारण तिथे कोणीच कानाने ऐकत नाही. तिथलं बोलणं ओठांवर बघायचं. चाळीस लूमच्या पलीकडे उभा असलेला माणूस जेवणाला काय आणलंय म्हणून विचारतो आणि अलीकडचा "वांगी" म्हणून उत्तर देतो, मध्ये आवाज नाही. गल्लीत मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. पण "बहिरा" हा शब्द आमच्याकडे कुणी कधी उच्चारला नाही. काकांशी बोलायचं तर वळसा घालून पुढे जायचं, तोंड उजेडात ठेवायचं. काकू तर त्यांच्या शर्टाची बाही ओढल्याशिवाय वाक्यच सुरू करायच्या नाहीत. लहानपणी मला वाटायचं, नवऱ्याशी असंच बोलतात.

काकांचं बोलणं थोडं आणि ठाम. कुणी जास्त बडबड केली की म्हणायचे, "मशीन बोलतंय. तू गप बस." माझ्या कॉलेजचं त्यांना फार कौतुक. आमच्या दोन्ही घरांत दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. मी मोठ्याने वाचत बसले की ते समोर येऊन माझ्या ओठांकडे बघत राहायचे. बाबा चिडवायचे, "जॉबर, तुलाबी बी.कॉम. करायचंय काय?" काका म्हणायचे, "पोरगी काय वाचते त्याचा मला एक अक्षर अर्थ लागत न्हाय, पण वाचते झकास."

आमचा वीकेंड शुक्रवारी असायचा. त्या दिवशी लूम बंद. शुक्रवारी सकाळी आठला रात्रपाळी सुटायची आणि शनिवारी सकाळी आठला पुन्हा दिवसपाळी लागायची. तेवढ्या चोवीस तासांत दर मे महिन्यात एकदा काका आम्हाला अंबाडीच्या अलीकडच्या डोंगरावर मुक्कामाला न्यायचे. ही पद्धत त्यांनीच पाडलेली. डागी कापडाचे तुकडे शिवून काकूंनी एक भलंमोठं छत केलं होतं. ते झाडांना बांधायचं, खाली चटया. सुताच्या तुटलेल्या धाग्याला मारतात तशीच गाठ काका दोरखंडाला मारायचे आणि ती कधी सुटत नसे. पाण्याचे कॅन डोक्यावरून वर न्यायचे, कारण मे महिन्यात वरची टाकी कोरडी. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, वाटेत करवंदं. आणि वर पोचलं की पुरुष काय करायचे? झोपायचे. रात्रपाळी करून आलेली माणसं ती. दुपारी बारा वाजता डोंगरमाथ्यावर सात-आठ बाप्ये ओळीने आडवे, बायका वारा घेत बसलेल्या. आमचं कॅम्पिंग ते असं. पण झोपही धड लागायची नाही. लूमच्या आवाजात झोपायची सवय. शांतता झाली की कुठलं मशीन बंद पडलं म्हणून दचकून उठायचे. एकटे काका गाढ झोपायचे.

माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली त्या मे महिन्यात आमच्याबरोबर नवा शेठ आला. भिवंडीजवळच्या राहनाळचा तरुण माणूस, वडिलोपार्जित जमिनीवर गोडाऊनं बांधलेली आणि आता त्यातल्या एकात नव्या पद्धतीच्या, आडवा धागा नेणारा धोटा नसलेल्या लूम टाकत होता. त्याला हेड जॉबर म्हणून काका हवे होते. मुख्य म्हणजे ड्युटी फक्त दिवसाची. ही बातमी आली तेव्हा काकूंनी मला तीनदा विचारलं, "फक्त दिवसाची म्हंजे रातचा घरी?" तीस वर्षांत काका सलग महिनाभर रात्रीचे घरी झोपले नव्हते. काकांनी घरातली कॉट खिडकीपाशी सरकवून घेतली. तिथे दिवसा ऊन यायचं म्हणून आजवर ती भिंतीला होती.

शेठला डोंगराची हौस. "मलाही न्या, काका," म्हणाला आणि मुंबईहून विकत घेतलेला तंबू खांद्यावर टाकून आला. बाबा म्हणाले, "शेठ, आमच्याकडं कापडाला तोटा न्हाय, तुम्ही कशाला विकत आणलं?" सगळे हसले, शेठही हसला. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते.

चढणीला काका पुढे, त्यांच्या मागे शेठ, शेठच्या मागे मी. बाकीचे बरेच खाली. वाट नागमोडी, उन्हाने तापलेली.

"काका, एक तारखेपासून येताय ना?" शेठ म्हणाला. "मशिनी उतरल्यात."

काका चालत राहिले.

"दिवसाचीच ड्युटी. रात्रीचं बोलावणार नाही, शब्द देतो. बोला की!"

काकांनी जाळीतली दोन करवंदं तोडून तोंडात टाकली आणि वळणावरून वर गेले. शेठ थांबला. घाम पुसत माझ्याकडे वळला. चेहरा उतरलेला.

"बघितलंस? मी एवढा घरचा समजून आलो आणि हे साधं हो-नाही करत नाहीत. भाव खातायत. राहू दे, दुसरा बघतो."

मला राग आला. काकांसारख्या माणसाबद्दल असं? माझा स्वभाव तेव्हाही आडपडदा न ठेवण्याचा, आणि नुकते पेपर दिलेले, त्यामुळे खरं ते सांगून टाकलं की सगळं सुरळीत होतं अशी खात्री.

"शेठ, तसं नाहीये. त्यांना ऐकू येत नाही. पुढे जाऊन समोरून बोला."

"कमी येतं?"

"काहीच येत नाही. मागे ढोल वाजवला तरी नाही."

"मग लूमचा आवाज?"

"हाताने कळतो त्यांना."

"हाताने," शेठ म्हणाला आणि उगाच स्वतःच्या तळव्याकडे बघत राहिला.

मी वर पाहिलं. वरच्या वळणावर काका आमची वाट बघत उभे होते. आमच्याकडे तोंड करून. चाळीस लूमच्या पलीकडचे ओठ वाचणारा माणूस, आणि मी भर उन्हात, तोंड वर करून बोलत होते.

सगळे वर पोचल्यावर काका छताची दोरी बांधत होते, आमच्याकडे पाठ करून. शेठने पातेल्यावरचं झाकण उचललं आणि त्यांच्या मागे कातळावर टाकलं. मोठा आवाज झाला. पहुडलेले बाबा उठून बसले. काका दोरी बांधत राहिले. शेठने झाकण उचलून जागेवर ठेवलं, हळूच, जणू आता आवाज झाला तर काय होईल.

काकूंनी ते पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर सगळं असणारच. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "एवढं शिकलीस गो. गप ऱ्हायला कोणी शिकवलं न्हाय?"

जेवायला बसलो तेव्हा काका शेठच्या बरोबर समोर बसले. भाकरी मोडली आणि म्हणाले, "शेठ, तुमच्या मशिनी नव्या. त्यांना जॉबरबी नवा बघा."

बाबा म्हणाले, "अरं, असं कसं? ठरलंय ना तुमचं?"

"जेव रं तू."

"तसं काही नाही काका," शेठ म्हणाला. "आपण बघू ना." पण त्याचे खांदे सैल झालेले मी पाहिले. सुटल्यासारखा. संध्याकाळच्या आत काहीतरी काम आठवून तो उतरून गेला. तंबू आम्हाला ठेवला. तो घडी कसा करायचा हे कुणाला येईना, शेवटी काकूंनी गोधडीसारखा गुंडाळला. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही उतरलो आणि काका थेट आठच्या पाळीला गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा रात्रपाळी.

मला ते एक शब्द बोलले नाहीत. मी वाट बघत होते बोलतील म्हणून. निकाल लागला, फर्स्ट क्लास आला, तेव्हा रात्रपाळी करून तांबारलेल्या डोळ्यांनी आले. मार्कशीट हातात घेतली नाही, नुसता तिच्यावर तळवा ठेवला. मग विचारलं, "तुला नोकरी दिवसाचीच लागंल ना?"

"हो, काका."

"बरं झालं."

मला राहनाळच्याच एका गोडाऊनच्या ऑफिसात नोकरी लागली. शनिवार-रविवार सुट्टी. काकांची रात्रपाळी चालू राहिली, मध्ये लोडशेडिंग वाढलं तेव्हा अर्धी रात्र अंधारात बसून काढायचे. चारेक वर्षांनी त्यांच्या मालकाने लूम भंगारात काढल्या. आमच्या गोडाऊनमध्ये माल पुढे सरकवणारे पट्टे बसवले होते, ते सारखे अडायचे. मी साहेबांना जाऊन सांगितलं की एक माणूस आहे. पण या वेळी आधी काकांना विचारलं होतं, समोर बसून, की तुमच्या कानाचं सांगू का. "सांग," म्हणाले. साहेबही तयार झाले. फक्त कंपनीचा नियम, कानाची तपासणी करून कागद आणायचा, मग पुढे बघू.

काका हसले. "मशीन लावून मला तपासणार? जल्मभर मीच मशिनी तपासल्या." आणि गेले नाहीत. मी दोन महिने मागे लागले. मग ते आणि काकू गावी निघून गेले. एका टेम्पोत सगळं सामान मावलं.

त्यानंतरच्या मे महिन्यात ऑफिसच्या मंडळींनी त्याच डोंगरावर कॅम्प काढला. शनिवार-रविवार, भाड्याचे तंबू, विकतचं पाणी. कामाच्या आठवड्यानंतर आमच्यातला प्रत्येक जण मरगळलेला, आणि तरी सगळे पाय ओढत चढले. रविवारी उतरल्यावर मी त्यांना पुढे पाठवलं आणि काकांच्या गावी गेले.

दुपारचे दोन वाजले असतील. काका ओटीवर झोपलेले होते. काकू म्हणाल्या, "रातभर जागा असतो. नुसता फिरतो. लोकांच्या पंपाला हात लावून बघतो. आता लागलाय डोळा, उठवू नको."

"इथे तरी रात्री झोपायला काय हरकत आहे?"

"हरकत कुणाची हाय? झोपच येत न्हाय त्याला रातची."

मी बसून राहिले. तीन तास. इतकं गप मी आयुष्यात बसले नव्हते. जे बोलायचं ते मनात घोळवत होते, आणि घोळवता घोळवता ते लहान होत गेलं.

पाच वाजता काका उठले. मला पाहून लगबगीने बसले. "कवा आलीस? उठवायचं ना."

मी त्यांच्या समोर गेले. "काका, त्या दिवशी डोंगरावर मी शेठला बोलले."

"व्हय. बघितलं मी."

"मी खोटं नव्हते बोलले. तो उलटा अर्थ लावत होता म्हणून..."

"खोटं कुठं म्हनतोय मी?" त्यांनी डोळे चोळले. "पन ते माझं होतं गो. मी सांगणार होतो. वर पोचलो की, जेवताना. तुझ्या काकूला इचार. कसं बोलायचं ते पन ठरवलं होतं. आधी लूमवर हात ठेवू द्या म्हननार होतो, मंग कानाचं सांगणार होतो."

आतून काकूंच्या भांड्यांचा आवाज थांबला. मी नुसती मान हलवली.

"चहा घेशील ना?" काका म्हणाले आणि चूळ भरायला मोरीकडे गेले. ऊन उतरत आलं होतं. शेतातली माणसं कामं आवरून घरी येत होती, आणि काकांचा दिवस आता कुठे सुरू होत होता.