जसाच्या तसा छापावा

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट पहिल्या फटक्यात पास केलेली नाही. मलासुद्धा नाही. नवऱ्याने मला पहिल्यांदा घरी नेलं आणि नंतर भीत भीत विचारलं, "बाबा, कशी वाटली?" तर म्हणाले, "मुलगी बरी आहे. पण तिला स्वयंपाक येतो या विधानाला आधार काय?" पुढेही आधार मिळाला नाही, तो भाग वेगळा.

बाबा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले, सासूबाई गेल्या, आणि मग त्यांचा एकच उद्योग उरला. लोकांनी लिहिलेले शोधनिबंध तपासायचे. जेवणाच्या टेबलाची खिडकीकडची बाजू त्यांची. तिथे कागदांचा गठ्ठा, तांबडी पेन्सिल आणि भिंग. अक्षर कितीही मोठं असलं तरी बाबा भिंगातूनच बघतात, संशयाने. माझ्या लेकीने शाळेच्या निबंधात 'मांजर दूध पिते' असं लिहिलं, तर समासात तांबडी शेरेबाजी: 'किती मांजरांवर पाहणी केली?' पोरीने खाली इमानदारीत लिहिलं, 'एका.' बाईंनी वहीत लाल प्रश्नचिन्ह काढून मला शाळेत बोलावून घेतलं.

हे निबंध तपासणं म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. गोगलगायी आणि तसल्याच मऊ प्राण्यांचं एक छोटंसं जर्नल आहे. इंटरनेटवर निघतं. कोणीही उघडावं, फुकट वाचावं. वाचणाऱ्याला वर्गणी नाही, लिहिणाऱ्याला फी नाही. संपादकबाई दुसऱ्या एका कॉलेजात शिकवतात आणि उरलेल्या वेळात हा संसार हाकतात. निबंध आला की त्या लेखकाचं नाव झाकून तो दोन जाणकारांकडे पाठवतात. जाणकार चुका काढतात आणि त्या चुका, जाणकारांची नावं झाकून, लेखकाकडे जातात. कोण कोणाला झोडपतंय ते कळू नये, म्हणजे भीड पडत नाही. या कामाचा एक छदाम मिळत नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, दिवसभर दुसऱ्याच्या चुका काढायला मिळतात, तर पैसे उलट बाबांनीच द्यायला हवेत.

जर्नलच्या नावाखाली दुकानं थाटणारेही पुष्कळ असतात. पैसे भरा, परवा छापतो. अशाच एका दुकानाचं बाबांना पत्र आलं. 'हृदयशस्त्रक्रियेतील आपले महान कार्य पाहून आम्ही भारावलो आहोत, आमचे मुख्य संपादक व्हावे.' ज्या माणसाने गोगलगायीखेरीज कोणाचं पोट उघडून पाहिलं नाही, त्याला! बाबांनी त्या पत्राचीच दोन पानी चिरफाड करून परत पाठवली आणि शेवटी लिहिलं, 'सुधारून पुन्हा पाठवावे.' त्यांनी खरंच सुधारून पाठवलं. या खेपेला मेंदूची शस्त्रक्रिया होती.

तर असे आमचे बाबा, नाकाने कांदे सोलणारे. आता अडचण अशी, की आमच्याकडच्या गोगलगायींवर काम करणारी माणसं उभ्या देशात दोनच. एक बाबा आणि दुसरे त्यांचे जन्माचे मित्र, मागच्या गल्लीत राहणारे गोगलकाका. हे नाव माझ्या लेकीने ठेवलं आणि ते इतकं चिकटलं, की आता पोस्टमनही तेच म्हणतो. काका आणि बाबा एकाच कॉलेजात, एकाच प्रयोगशाळेत, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना नोकरी करून निवृत्त झाले.

म्हणजे काकांनी निबंध पाठवला की तो नाव झाकून बाबांकडे येणार, आणि बाबांचा काकांकडे जाणार. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसा सगळा प्रकार. पण दोघेही नियमाला असे चिकटलेले, की आपल्याला सगळं कळलंय हे त्यांनी एकमेकांनाच काय, स्वतःलासुद्धा कधी कळू दिलं नाही. संध्याकाळी दोघे पाण्याच्या टाकीपर्यंत फिरायला जायचे. एकदा मीही बरोबर होते.

काका तावातावाने सांगत होते, "या खेपेचा परीक्षक कोण आहे देव जाणे. म्हणतो, माझ्या आलेखाला शेंडा ना बुडखा!"

"काही लोकांना नुसतं झोडपायलाच आवडतं," बाबा म्हणाले.

"अडाणी आहे लेकाचा."

"असेल, असेल."

"पण आलेख मात्र खरंच चुकला होता रे."

"हो ना? मला... म्हणजे त्यालाही तसंच वाटलं असणार."

मी तोंडात ओढणी कोंबली आणि दोन पावलं मागे राहिले.

मग काकांनी तो मोठा निबंध लिहिला. त्या दिवसांत काका एकदम ताठ चालायला लागले होते. काय चाललंय ते सांगायचे मात्र नाहीत. घरातसुद्धा नाही. प्रयोग सुरू आहे हे काकूंना कळलं तर निष्कर्षांवर परिणाम होईल, असं त्यांचं तत्त्व. बायकोला अंधारात ठेवायला इतकं भारदस्त कारण मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेलं नाही.

निबंध अर्थातच आमच्या टेबलावर आला. असे निबंध गुप्त असतात, म्हणून मला सांगताना बाबांनी लेखकाचा उल्लेख 'एक गृहस्थ' असा केला. या गृहस्थांनी आपल्या परसातल्या गोगलगायींच्या पाठीवर पांढरे ठिपके दिले. संध्याकाळी त्यांना कुंपणापलीकडच्या मोकळ्या जागेत सोडलं. सकाळी चहा झाल्यावर पाहिलं, तर जवळजवळ सगळ्या परत कुंड्यांखाली हजर. पुन्हा सोडल्या, पुन्हा हजर. म्हणजे गोगलगायीला घर कळतं! आणि एवढंच नाही. परत आल्यावर त्या प्रत्येक कुंडीखाली सारख्या संख्येने बसतात. 'यावरून त्यांच्यात जागा समजूतदारपणे वाटून घेण्याची वृत्ती दिसते,' असं निबंधात होतं. बाबांनी ते भिंगातून वाचलं, भिंगाशिवाय वाचलं, आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सूनबाई, हे खरं असेल तर फार मोठं काम आहे." त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच कोणाचं कौतुक ऐकत होते.

दुसऱ्याच दिवशी काकू मिक्सरचं भांडं परत करायला आल्या. बाबा टेबलाशी, निबंध समोर, काकू माझ्या ओट्याला टेकून उभ्या.

"अगं, यांचं वय झालं आता," काकू म्हणाल्या. "संध्याकाळी त्या गोगलगायी रंगवत बसतात आणि कुंपणाबाहेर ठेवून विसरून येतात. पहाटे दूध आणायला जाते तर बिचाऱ्या गवतात पडलेल्या. मग मी आपली सगळ्यांना गोळा करून आणते आणि कुंड्यांखाली ठेवते. सारख्या सारख्या ठेवते हो, नाहीतर एकीकडेच दाटी व्हायची. यांना बोलले नाही मी. विसरायला लागलोय हे कळलं की पुरुष खचतात."

बाबांच्या हातातला चहा तांबड्या पेन्सिलीवर सांडला.

काकू गेल्या आणि मी बाबांसमोर जाऊन बसले. "लिहून टाका, बाबा."

"काय लिहू? लेखक कोण ते मला माहीत नाही."

"अहो, आत्ता त्यांची बायको माझ्या ओट्याशी उभी होती!"

"कोणाची बायको? निबंधावर कोणाचंही नाव नाही."

माझा असा तिळपापड झाला म्हणून सांगू! पण मी आवाज खाली ठेवला. "बरं. मग एवढंच विचारा, की त्या गोगलगायींना मधे कोणाचा हात लागला नाही ना, याची खात्री केली का."

हे त्यांना पटलं. पेन्सिल पुसून ते लिहायला बसणार, तोच संपादकबाईंची मेल. सगळा कारभार पारदर्शक करायचा म्हणून जर्नलने नवीन नियम केला होता. यापुढे परीक्षकाचा शेरा निबंधाच्या खाली छापला जाईल, परीक्षकाच्या नावासकट. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. आता त्या प्रश्नाखाली त्यांचं नाव येणार. काका ओळखणार, की बायको मित्राच्या स्वयंपाकघरात जे बोलली ते मित्राने जगाच्या वेशीवर टांगलं. तिकडे जुन्या कॉलेजाने काकांना याच विषयावर व्याख्यानाला बोलावलं होतं आणि काकांनी कोट इस्त्रीला टाकला होता.

"सोपं आहे," मी म्हटलं. "संपादकबाईंना कळवा, लेखक माझा मित्र आहे, हा निबंध दुसऱ्याला द्या."

"आणि आजवर तपासले ते? तेव्हा मित्र नव्हता का, असं विचारलं तर?"

इकडे आड, तिकडे विहीर. एकीकडे खरं काय ते सांगायचं, दुसरीकडे जन्माचा एकुलता एक मित्र. बाबा आठवडाभर कागद इकडून तिकडे हलवत राहिले आणि शेवटी त्यांनी लिहिलं, 'उत्कृष्ट. जसाच्या तसा छापावा.' खाली नाव. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. दुसरा परीक्षक परदेशातला, समुद्री शंखांचा जाणकार. त्याने भाषा थोडी सुधारा म्हटलं आणि निबंध छापून आला.

त्याच सकाळी काकांनी आमची बेल दाबली ती सोडलीच नाही. मी दार उघडलं. हातात प्रिंट, चेहरा लालबुंद, पायांत दोन वेगळ्या चपला.

"उत्कृष्ट?" काका बाबांवर ओरडले. "तुझ्या तोंडून उत्कृष्ट? अरे, माझ्या संदर्भसूचीतले स्वल्पविराम मोजणारा माणूस तू! काय लपवतोयस?"

"तुला... तुला माहीत होतं परीक्षक मी आहे ते?"

"गाढवा, भिंगातून बघून चुका काढणारा जगात दुसरा आहे कोण?" काका खुर्चीत बसले आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "डोक्यावर तू आहेस म्हणून मी बिनधास्त लिहायचो रे. म्हणायचो, चुकलं तर हा सोडायचा नाही. आणि तू बघूनही सोडलंस?"

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग बाबा म्हणाले, "वहिनींना विचार."

मी फोन केला. काकू ओल्या हातांनीच आल्या. काकांनी निबंधाचं सार सांगितलं, काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, त्या मी आणून ठेवते."

"रोज?"

"रोज."

"आणि समजूतदारपणे वाटून बसतात ते?"

"तेही मीच." काकूंचा चेहरा उतरला. "चुकलं का हो माझं?"

"तुझं नाही. मी तुला सांगायला हवं होतं," काका म्हणाले.

"म्हणजे त्या आपल्या आपण येत नाहीत? मला वाटलंच. एवढ्याशा पायांनी कुठून यायच्या बिचाऱ्या!"

"एकच पाय असतो!" दोन्ही म्हातारे एकदम ओरडले.

त्याच दिवशी काकांनी निबंध मागे घेतला. जर्नलमध्ये कारण द्यावं लागतं. त्यांनी खरं तेच लिहिलं, की लेखकाच्या पत्नीने गोगलगायी उचलून परत ठेवल्या होत्या व लेखकास हे ठाऊक नव्हते. काकूंनी ते वाचून विचारलं, "हे जगात कोणीही वाचणार? फुकट?" काका हो म्हणाले. "मग 'हळुवारपणे उचलून' असं तरी लिहा. लोकांना वाटेल, कशाही फेकल्या." काकांनी तसं लिहिलं. आज त्या जर्नलमध्ये सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पान तेच आहे. व्याख्यान अर्थात रद्द झालं.

बाबांनीही संपादकबाईंना सगळं कळवलं. लेखक कोण ते ठाऊक होतं, चूकही ठाऊक होती, तरी गप्प बसलो. बाईंचं उत्तर सौजन्याने ओथंबलेलं होतं. आजवरच्या सेवेबद्दल आभार, परीक्षकांच्या यादीतून नाव काढलं आहे, तुम्ही दोघांनी एकमेकांचे तपासलेले जुने निबंध दुसऱ्यांकडून पुन्हा तपासून घेऊ.

त्यानंतर बाबा हे बाबा राहिले नाहीत. काका येईनात, फिरणं बंद. एका दुपारी मी भाजीत मीठ घालायला विसरले, तर बाबा म्हणाले, "छान झालीय." मी इतकी घाबरले, की नवऱ्याला ऑफिसात फोन करून डॉक्टरांची वेळ घ्यायला लावली. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. बाबा म्हणाले, "डॉक्टर हुशार आहेत." म्हणजे प्रकरण फारच हाताबाहेर गेलं होतं.

आणि मग एका दुपारी काका आले. मागे काकू. काकांच्या हातात नवीन कागद होते. काकूंना सगळं समजावून, हात न लावण्याचं वचन घेऊन, त्यांनी प्रयोग पुन्हा केला होता. कुंपणापलीकडून एकही गोगलगाय परत आली नव्हती. निबंधाला दोन लेखक होते, काका आणि काकू. मोजायचं काम या खेपेला काकूंचं होतं.

"अजून कुठे पाठवला नाहीये," काका कागद बाबांपुढे ठेवत म्हणाले. "जर्नल ज्याच्याकडे द्यायचा त्याच्याकडे देईल. पण आधी तू बघ. झोडप पाहिजे तेवढं. शेवटी आभारात तुझं नाव उघड घालणार आहे."

बाबा कागदांकडे बघत राहिले. मी चहा टाकायचा सोडून दारातच उभी राहिले. काकू माझा हात धरून होत्या. बाबांनी हळूच पेन्सिल उचलली, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं आणि टेबलावर अशी मूठ आपटली, की कपबशा वाजल्या.

"हे कोणत्या मूर्खाने लिहिलंय?"

"मी," काका म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच म्हणाले, आणि खुर्ची ओढून बाबांच्या शेजारी बसले.