तात्यांच्या संगणकाची झाडलोट

तात्या संगणक सुरू करत, पण लगेच कामाला लागत नसत. आधी तो झाडून घेत. पडद्यावर देवाचा फोटो नाही, फुलं नाहीत, नुसता राखाडी रंग. मग मागे गुपचूप चालू असलेली ॲप्स शोधून एकेक बंद करत.

"ह्याका कोणी बोलवल्यान? मागच्या दारान इलो आणि बसलो," असं पुटपुटत. मला म्हणत, "समोर दिसणा नाय, तोच जास्त खाता गो."

तात्या आमचे शेजारी, मुंबईची नोकरी संपवून गावी आलेले. आमच्या वाडीत मोबाइलला रेंज नाही. त्यांच्याकडे वायरचं इंटरनेट होतं. माझा मुलगा महेश जहाजावर. बंदर लागलं की तो तात्यांच्या संगणकावर फोन करी. कोणी ऐकत असलं की मला बोलायला सुचत नाही. हे मी तात्यांना कधी सांगितलं नव्हतं. पण महेशचा चेहरा दिसला की ते "पोफळींका पाणी घालतंय" म्हणत उठत. भर पावसातही.

एकदा महेश लांबच्या सफरीवर निघायचा होता. मग कितीतरी महिने बोलणं होणार नव्हतं. सकाळी फोन करतो, असा त्याचा निरोप होता. मी जाऊन बसले. दुपार झाली तरी पडदा रिकामाच. मग तात्यांचा चेहरा उतरला. सकाळच्या झाडलोटीत फोनचं ॲपही बंद झालं होतं. ते उघडलं तर महेशचे चुकलेले फोन ओळीने दिसले. उलट लावला, पण जहाज सुटलं होतं.

"माझ्याच हातान झाला गो," तात्या म्हणाले. मी "असूंदे" म्हटलं आणि घरी येऊन रडले.

तेव्हापासून त्यांनी ते ॲप बंद केलं नाही. संगणक जुना, ते चालू असलं की तात्यांचा बुद्धिबळाचा डाव उघडता उघडत नसे. त्यांची बायको, आमच्या काकू, चिडवत, "सोंगटी हलासर चाय निवली!"

"निवांदे. त्येका हात लावचो नाय."

शिमग्याआधी तात्या गेले. सुतकात काकूंनी टीव्हीला हात लावला नाही, रेडिओ लावला नाही. संगणक तेवढा चालू. मी विचारलं, तर म्हणाल्या, "बंद कित्याक करू? तुझ्या झिलाचो फोन येतलो, म्हणान सांगान गेले."

एका सकाळी त्यांनी कुंपणावरून हाक मारली. मी ओल्या हातांनीच धावले. महेश काळवंडला होता, दाढी वाढली होती.

"आये, बरी आसस मगे? तात्या खंय?"

काकू माझ्याशेजारीच बसल्या होत्या. मी त्यांचा हात धरला आणि त्याला सांगितलं.