दादाच्या दुकानातले माइकचे बोर्ड

आमच्या राहुरीच्या दुकानात रिपेअरला आलेला माल परत जायचा, किस्से मात्र मागेच राहायचे. दादाकडे ते खूप होते. दादा गेला, त्याला दोन महिनेही झाले नाहीत. आता ते मलाच सांगावे लागतात.

दुकानात माइकचे बोर्ड बनायचे. काड्यापेटीएवढा बोर्ड, माइकमधला बारीक आवाज मोठा करणारा. कॉलेजची पोरं प्रोजेक्टसाठी न्यायची. मी सातवीत शाळा सोडलेली, त्यामुळे माझ्याकडे फक्त सोल्डरिंग. दादा गेल्यावर मामा म्हणाला, "शनिवारपर्यंत एक बोर्ड एकट्यानं वाजवून दाखव. न्हाईतर गाळा भाड्यानं देऊ."

दादाच्या हाताखाली शिकायला लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझा बोर्ड मुका निघाला. मी चिडून माइकमध्ये ओरडलो, मग बोर्ड टेबलावर आपटला.

दादा शांतपणे म्हणाला, "बारक्या, तो बहिरा न्हाई. तू उलटा जोडलाय."

एकदा दादानं घरात टाळीवर लागणारा दिवा बसवला. संध्याकाळी आई भाकरी थापायला बसली. थाप पडली, दिवा लागला. दुसरी थाप, दिवा गेला. तिसरीला पुन्हा लागला.

आई म्हणाली, "आता मी भाकरी थापू का दिवा सांभाळू?"

दादानं विचार केला. "आजच्या दिवस चपात्या लाट."

कर्जतच्या एका काकांनी पोरासाठी बोर्ड नेला. चार दिवसांनी परत आले. बोर्डातून बारीक आवाजात रेडिओ ऐकू येत होता! वायर लांब झाली की असं होतं. दादा वायर बदलायला उठला, तर काकांनी बोर्ड उचलून पिशवीत टाकला.

"राहू द्या. मी तक्रार कुठं केली? मी आजून एक न्यायला आलोय."

शेतकी कॉलेजची एक मुलगी धान्यातले किडे ऐकायचा प्रोजेक्ट करत होती. दादानं गव्हाच्या डब्यात माइक खुपसला. स्पीकरमधून किड्याची कुरकुर ऐकू आली. डबा शेजारच्या गिरणीवाल्या मावशींचा. त्या कान देऊन ऐकत राहिल्या.

"त्याचं मला ऐकू येतंय, तसं माझं त्याला ऐकव. म्हनावं, गहू माझा हाय."

आता शनिवारचं. तोपर्यंत माझे तीन बोर्ड वाया गेले होते. एक जळला, एक मुका. तिसरा मी रागानं रस्त्यावर फेकला, मग त्यावरून ट्रॅक्टर गेल्यावर तुकडे गोळा करून आणले. चौथा दुपारी जोडून झाला. माइक स्पीकरजवळ असला की शिटी वाजते, म्हणून लांब वायर लावून तो बाहेर पायरीवर ठेवला. अर्धं शटर ओढून आत बसलो. मग स्विच दाबला.

काहीच नाही. मग खरखर. मग एक मोटारसायकल, इतकी जवळून की मी मान मागे घेतली.

शटरखालून तीन माणसांचे पाय दिसले, मागे आईचे. आणि स्पीकरमधून मामा बोलला, "ताई, हे गाळा बघायला आलेत. किल्ली दिऊन टाक."

मग आई.

"हळू बोल. आत पोरगं काम करतंय."