चढावरचे पैलवान

कोल्हापुरातल्या समस्त सायकलींनी एकत्र येऊन एखाद्या माणसावर मोर्चा काढायचा ठरवलं असतं, तर तो उचगावात आमच्या दाजींच्या दारावर जाऊन थडकला असता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. देवाने त्यांना घडवताना हात सैल सोडला होता. दोन माणसांचं सामान एकात घातलं, आणि मग चूक लक्षात आल्यावर ती झाकायला वर एक सायकल दिली. सायकल साधी नव्हतीच. दुधाच्या किटल्या वाहायला गवळी वापरतात तसली काळी, डबल दांडीची. दोन्ही बाजूंना भरलेल्या किटल्या घेऊन जिने कधी हूं की चूं केलं नव्हतं, ती दाजी बसले की कण्हायची. हा आवाज आमच्या गल्लीच्या तोंडाशी आला की आई चहाचं आधण ठेवायची, आणि पाणी उकळेपर्यंत दाजी उंबऱ्यात पोचलेले असायचे. मागच्या चाकाच्या तारा तुटणं हा त्यांच्या प्रवासाचा नेहमीचा भाग होता. उचगावातला सायकल दुरुस्तीवाला त्यांना बघूनच पाना हातात घ्यायचा. चाकाचा आऊट काढता काढता तो एकदा मला म्हणाला होता, "सायकल मी सरळ करतोय, पर दाजींस्नी कोण करणार?"

हे सायकलचं खूळ सुरू झालं डॉक्टरच्या सांगण्यावरून. वजन उतरवायचं तर सायकल मारा, असं त्याने सांगितलं आणि दाजींनी ते इतक्या निष्ठेने पाळलं की वर्षभरात वजन खरोखर कमी झालं, फक्त ते सायकलचं. आपला भार तिला जड जातो म्हणून त्यांनी आधी कॅरिअर काढला, मग चेनकव्हर, मग मडगार्ड, शेवटी घंटीसुद्धा. आपल्या स्वतःच्या अंगावरून मात्र त्यांनी काही काढलं नाही. उचगाव ते कचेरी एवढं अंतर तोडल्यावर भूक लागणं साहजिक आहे आणि लागलेली भूक मारणं वाईट, अशी त्यांची समजूत होती. कचेरीत ते कारकून होते. तिथे टेबलाशी बसायच्या आधी ते समोरच्या हॉटेलात मिसळीची थाळी घेत आणि पावाला कमी पडतो म्हणून कट जादा मागून घेत. आक्का डबा देई तो वेगळाच. तिने एकदा रागावून डबा दिला नाही, तर संध्याकाळी तेच तिची समजूत घालायला लागले की वाईट वाटून घेऊ नकोस, आज मी दोनदा मिसळ खाल्ली.

दाजींना सायकलवर टांग मारता येत नसे. तसा प्रयत्न त्यांनी पूर्वी एकदा केला होता, तेव्हा सायकल एका बाजूला आणि ते दुसऱ्या बाजूला पडले होते. म्हणून ते सायकल एखाद्या कट्ट्याला लावून उभी करत, स्वतः कट्ट्यावर चढत आणि तिथून घोड्यावर बसणाऱ्या नवरदेवासारखे सावकाश सीटवर उतरत. त्यामुळे कोल्हापुरातले झाडून सगळे कट्टे, ओटे आणि उंच पायऱ्या त्यांना तोंडपाठ होत्या. कुणी पत्ता विचारला तर ते दुकानं किंवा देवळं सांगत नसत, अमक्या कट्ट्यापासून डावीकडे असं सांगत. एकदा बसले की मुक्कामापर्यंत पाय टेकायचा नाही हा त्यांचा नेम होता, कारण मध्येच उतरलं आणि जवळ कट्टा नसला तर चालत जाण्यावाचून गत्यंतर नसे. लाल सिग्नलला ते शेजारच्या रिक्षाच्या टपाचा दांडा धरून उभे राहत. रिक्षा त्यांच्या अंगावर कलंडे. रिक्षावाला भांडायच्या तयारीने बाहेर डोकं काढी, दाजींना आपादमस्तक बघी आणि एकदम नरम होऊन म्हणे, "रामराम पैलवान."

ही चूक कोल्हापूरकरच करू जाणे. दुसऱ्या कुठल्याही गावात जाडा माणूस हा जाडा माणूसच असतो. आमच्याकडे तो तालीम सुटलेला पैलवान असतो. त्याने आता खाणं चालू ठेवलंय आणि मेहनत सोडलीय, एवढंच लोक समजतात आणि त्याला वाट देतात. दाजींनी जन्मात कधी लंगोट लावला नव्हता. ते मूळचे हुपरीचे. घरोघर पैंजणांच्या नाजूक कड्या जोडणाऱ्या त्या गावात या जाड बोटांच्या मुलाचं काहीच काम नव्हतं. तिथे लहानपणापासून त्यांना भोपळ्या म्हणत. नोकरीसाठी ते कोल्हापुरात आले, डॉक्टरचं ऐकून जुनी सायकल घेतली आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी रामराम घातला. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, मागे कुणीच नव्हतं, तेव्हा त्यांनी हात वर केला. पुढे एकदा मोकळेपणाने बोलताना ते मला म्हणाले, "चालताना मी जाडा दिसतोय, पावणं. सायकलवर पैलवान दिसतोय."

आक्काला बघायलाही ते सायकलवरूनच आले. नव्वद सालानंतरची गोष्ट, म्हणजे मुलगे स्कूटर मागून आणून तरी मुलगी बघायला जात, त्या काळातली. आमचं पेठेतलं घर चढाच्या टोकाला आहे. चढ असा की चांगली चांगली पोरं अर्ध्यावर उतरून सायकल ढकलत आणतात. तात्या, म्हणजे माझे वडील, खिडकीत बसले होते. तात्या उमेदीच्या काळात तालमीत घुमलेले. त्याची खूण म्हणून त्यांचा डावा कान वाळलेल्या अंजिरासारखा चुरगळलेला होता. खालच्या वळणावरून एक प्रचंड देह सायकल हाणत, घामाघूम होत, लालबुंद चेहऱ्याने वर येतोय आणि उतरायचं नाव घेत नाही, हे त्यांनी डोळे भरून पाहिलं आणि आत वर्दी दिली, "पैलवान आलाय." पोहे खाताना त्यांनी तालीम कुठली म्हणून विचारलं. दाजींच्या तोंडात भला मोठा घास होता. तो गिळून ते म्हणाले की आता सगळं सुटलं. तात्यांनी मान डोलावली. मुलगा गेल्यावर घरातल्या बायकांनी नाकं मुरडली. माणूस फार आडवा आहे, कान तेवढे देखणे आहेत, असं मावशीने मत दिलं. पण तात्यांनी सुपारी फोडायचं ठरवून टाकलं होतं.

तेव्हापासून दाजींच्या पोटात कायमची एक धास्ती बसली. सासरेबुवांनी पैलवान म्हणून मुलगी दिली आणि एक दिवस त्यांना खरं कळलं तर त्यांच्या नजरेत आपण पुन्हा भोपळ्या होणार, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. कचेरीतल्या साहेबाची त्यांना फिकीर नव्हती, पण तात्यांच्या मनातून उतरायची होती. दर रविवारी आक्का एसटीने यायची आणि दाजी सायकलवर. ते खालच्या वळणावर दिसले की तात्या खिडकीतून गल्लीभर ऐकू जाईल अशी हाक घालत, "या पैलवान, या!" हाक कानावर पडली की दाजींची पाठ ताठ होई आणि ते चढ एका दमात चढून येत. आत आल्यावर मात्र खरी परीक्षा सुरू व्हायची. तात्या डावपेचांच्या गोष्टी काढत. त्यांनी दाजींचं मत विचारायचा अवकाश, दाजी अख्खा लाडू तोंडात कोंबत. आईला वाटायचं जावयाला लाडू फार आवडतात, म्हणून ती दुसरा पुढे करायची. या भीतीपोटी त्यांचं वजन किती वाढलं असेल, देव जाणे.

एके वर्षी गल्लीतल्या तालमीच्या मंडळींनी जत्रेच्या कुस्त्या ठेवल्या आणि जोड लावायला, म्हणजे पैलवानांच्या जोड्या जुळवून द्यायला, पाहुणे म्हणून दाजींना बोलावलं. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण आमंत्रण तात्यांच्या समोरच आलं. दाजी फेटा बांधून आखाड्यात उतरले. तांबडी माती, हलगीचा कडकडाट, पुढच्या रांगेत तात्या. इथपर्यंत ठीक होतं. मग कुणाला तरी हुक्की आली आणि पाहुण्यांनी एक शड्डू ठोकून दाखवावा अशी मागणी झाली. हलगी थांबली. मुरलेल्या पैलवानाने मांडीवर थाप मारली की आवाज आखाड्यापलीकडे जातो. दाजींनी हात उगारून थाप मारली, आणि ओल्या पोत्यावर काठी पडावी तसा काहीतरी मुका आवाज आला. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. दाजींचा चेहरा मी तेव्हा पाहिला, तो हसण्यासारखा नव्हता. तेवढ्यात तात्या उठून उभे राहिले आणि त्यांनी जरबेने सांगितलं की सायकल मारून मारून जावयाच्या मांड्या भरून आल्यात, उगाच तिष्ठत ठेवू नका, जोड लावा. तात्यांचा शब्द मोडायची कुणाची टाप नव्हती. हलगी पुन्हा सुरू झाली. परतताना दाजी सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आले. ते हळूच म्हणाले, "वाचलो. म्हाताऱ्याला अजून कळलं न्हाय."

काही वर्षांनी तात्यांनी अंथरूण धरलं. त्यांची खाट आम्ही खिडकीशीच ठेवली होती. दाजी आता रोज संध्याकाळी कचेरी सुटली की येत. तात्यांचा आवाज पार बसला होता, पण वळणावर सायकल कण्हली की ते उशीवरून मान उचलून हाक द्यायचेच. एका दुपारी घरात मी आणि तात्या दोघेच असताना मला राहवलं नाही. दाजी कधीच तालमीत गेले नव्हते हे मी त्यांना सांगून टाकलं. तात्यांनी आपला तो चुरगळलेला कान चिमटीत धरून मला दाखवला.

"आरं, त्याचं कान बघ की. तालमीत गेल्याचं असलं कान ऱ्हात्यात व्हय? पयल्या दिवशीच कळलं हुतं मला."

मग पैलवान कशाला म्हणता, असं मी विचारलं.

"पैलवान म्हटलं की गडी चढाला उतरत न्हाय," तात्या म्हणाले. थोडा दम घेऊन त्यांनी पुढे सांगितलं, "हुपरीचं पोरगं एवढं अंग घिऊन हितवर आलं, पर खाली पाय टेकला न्हाय. आक्कीला असलाच पायजे हुता."

तात्या गेले. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले आणि रविवार पूर्वीसारखे यायला लागले. पहिल्याच रविवारी वळणावर सायकल कण्हली. मी खिडकीतून पाहिलं. दाजींनी एकदा वर मान करून खिडकीकडे बघितलं, मग ते चढ चढायला लागले आणि अर्ध्यावर उतरले. इतक्या वर्षांत मी त्यांना तिथे उतरलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते सायकल ढकलत वर आले. वरच्या टोकाला ओट्यावर बसलेल्या गल्लीतल्या माणसांनी दुसरीकडे तोंड फिरवलं. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही तेच. आईने चहाचं आधण जरा उशिरा ठेवायला सुरुवात केली. वय झालं, गुडघे दुखतात, असं दाजी सांगत आणि लाडू नको म्हणत. तात्यांची मला इतकी आठवण तोवर आली नव्हती.

मला मोठ्याने हाका मारायची सवय नाही. तरी एका रविवारी मी खिडकीत उभा राहिलो. दाजी नेहमीच्या जागी पोचले, उतरले आणि ढकलायला लागले, तेव्हा कुठे माझ्या तोंडून कसाबसा शब्द फुटला, "या पैलवान, या!" दाजी थांबले. त्यांनी वर बघितलं, मग आजूबाजूला बघितलं. त्या अर्ध्या चढावर कट्टा नाही, ओटा नाही, साधी पायरी नाही. पुन्हा बसणार कुठून? त्यांनी एक हात वर केला आणि ते सायकल धरून सावकाश चालत वर आले. सायकल भिंतीला टेकवून त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. डोळेही त्याच रुमालाने पुसले.

"हाक जरा आधी मारत जावा, पावणं," ते म्हणाले. "तात्या वळणावरच मारायचं."

पुढच्या रविवारी मी सकाळपासूनच खिडकीत बसलो.