बॉनफायरच्या आधी तोडलेली सफरचंदं

"ओढू नकोस!" काका कुंपणापलीकडून ओरडायचे. आमच्या बाजूला आलेल्या फांदीवरच्या सफरचंदाला मी नुसतं बोट लावलेलं असायचं. मग ते स्वतः करून दाखवायचे. तळवा फळाखाली धरायचा आणि लहान मुलाची हनुवटी उचलावी तसं ते अलगद वर करायचं. "यायचं असेल तर येईल हातात. नसेल, तर तू कोण लागून गेलीस?"

लंडनजवळच्या पिनरमध्ये घर घेतलं तेव्हा हे काका घराबरोबर फुकट मिळाले, असं माझा नवरा म्हणायचा. काकू गेलेल्या, मुलगा केंब्रिजला, आणि मागच्या अंगणात 'डार्सी स्पाइस' या जुन्या जातीच्या सफरचंदाचं एकच झाड. फळ दिसायला अगदीच यथातथा. हिरवट-तपकिरी, खरखरीत, ओबडधोबड. दुकानात ही जात सहसा दिसत नाही. आमच्याकडच्या एका पाहुण्यानं "अंकल, झाडाला बटाटे लागलेत का?" असं गमतीनं विचारलं, तर काका त्याच्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत.

असा तापट माणूस तुमच्याही शेजारी असेल. काका खारींवर डाफरायचे, छाटणी करताना कात्रीवर डाफरायचे, पाऊस पडला तर पावसावर आणि नाही पडला तर बीबीसीच्या हवामानवाल्या बाईवर.

फळं उतरवायची ती पाच नोव्हेंबरला, इथे शेकोट्या पेटवून फटाके उडवतात त्या बॉनफायर नाइटच्या दिवशी सकाळी. या जातीची तीच रीत. आधी तोडलं तर लाकूड चावल्यासारखं लागतं, आणि ठेवूनही पिकत नाही, नुसतं सुकतं. उतरवलेलं प्रत्येक फळ वर्तमानपत्रात गुंडाळून काका शेडमध्ये मांडून ठेवायचे, एकमेकांना चिकटू न देता. जानेवारीत साल सुरकुतली की एक फळ कापून माझ्या पुढ्यात ठेवायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. "बोलू नकोस. आधी खा." गोड, जरासं आंबट, आणि मागाहून जायफळासारखा वास. तेवढा वेळ काका कुणावरच चिडलेले नसायचे. "ही गेल्यावर मला कशालाच चव लागत नव्हती गं," एकदा म्हणाले, "मग त्या जानेवारीत हे खाल्लं."

गेल्या उन्हाळ्यात त्यांना कॅन्सर निघाला. पुढचा स्प्रिंग बघाल असं वाटत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. "मला कुठे स्प्रिंग हवाय?" काका मला म्हणाले. "जानेवारी पुरे. एक सफरचंद खातो आणि जातो." सप्टेंबरात ते हॉस्पिटलमध्ये होते. झाड लगडलं होतं. मी रोज फोटो पाठवायचे, आणि रोज एकच उत्तर यायचं, "हात लावू नकोस."

त्याच महिन्यात आमच्या इथल्या मराठी मंडळाचा गणपती होता. यंदा बाप्पापुढे होम-ग्रोन फळं ठेवू या, ही आमच्या अध्यक्षांची टूम. त्यांनी काकांच्या मुलाला मेसेज केला. मुलगा इथेच जन्मलेला, मनानं चांगला, पण सफरचंद म्हणजे सफरचंद एवढंच त्याला ठाऊक. "शुअर, टेक देम ऑल. डॅडला आवडेल," त्यानं कळवून टाकलं. शनिवारी मी लेकीला स्विमिंगला घेऊन गेले आणि परत येईपर्यंत मंडळाच्या उत्साही मंडळींनी शिडी लावून झाड ओरबाडलं होतं.

परात छान दिसली म्हणे. प्रसाद म्हणून एकानं चावा घेतला आणि टिश्यूत थुंकला. बाकीची फळं मंडळाच्या हॉलमागच्या कचऱ्याच्या बिनमध्ये गेली. मी ती बिनमध्ये पाहिली. आज हे लिहितानाही माझं डोकं तडकतं. विचारायला काय झालं होतं? माणूस जिवंत होता, त्याच्या उशाशी फोन होता!

काका घरी आले आणि वॉकर धरून मागच्या दारात उभे राहिले. बराच वेळ झाडाकडे बघत होते.

"निदान कुणी खाल्ली का?"

"नाही, काका."

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष भेटायला आले. "अहो काका, शेवटी बाप्पालाच वाहिली ना! तुम्हाला पुण्यच लागलं."

"घरी पाहुण्याला कच्चा भात वाढता का हो तुम्ही?" काका कडाडले. पुढचं बोलणं खोकल्यात गेलं. अध्यक्ष समजूतदारपणे हसले. मला त्या हसण्याची चीड आली.

जानेवारी काकांनी गाठला. मी ओळखीच्या सगळ्यांना विचारलं, फार्मर्स मार्केटं पालथी घातली. ही जात कुठेच मिळाली नाही. शेवटी तशीच खरखरीत सालीची दुसरी जात आणून कापून दिली. काकांनी फोड नाकाशी नेली. "हे ते नाही," म्हणाले. मग माझ्याकडे बघून ती मुकाट्यानं खाल्ली. त्यानंतरच्या आठवड्यात ते गेले.

शोकसभा मंडळाच्याच हॉलमध्ये झाली. अध्यक्ष बोलायला उठले. "काकांचं मन केवढं मोठं! एवढ्या आजारपणातही आपल्या बागेतली सगळीच्या सगळी फळं त्यांनी बाप्पाला अर्पण केली." लोकांनी माना डोलावल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या मुलानं डोळे पुसले.

मी उभी राहिले.

"त्यांनी दिली नव्हती," मी म्हणाले. "तुम्ही तोडलीत. त्यांना न विचारता तोडलीत आणि कचऱ्यात टाकलीत."

नवऱ्यानं बस म्हणून खूण केली. मी बसले नाही.