मुळं, मंजुरी आणि एक पालक

आमच्या घरातला सगळ्यात मोठा अबोला सातवीच्या वर्गाच्या ब्लॉगवर पार पडला. गावातल्या झाडून सगळ्यांनी तो वाचला.

ब्लॉग माझाच. अनसिंगजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत मी शिकवते. पालक सभेला बोटांवर मोजण्याइतकी माणसं येत (त्यातलं एखादं चुकून!). म्हणून मी वर्गाचा ब्लॉग सुरू केला. मुलांनी लिहायचं, पालकांनी मोबाईलवर वाचून खाली दोन शब्द टाकायचे. नाव ठेवलं ‘संवाद’. कुणी वेडंवाकडं लिहू नये म्हणून प्रत्येक प्रतिक्रिया आधी माझ्याकडे यायची. मी ‘मंजूर’ दाबलं की मगच जगाला दिसायची.

आणि ब्लॉग चालला! पायलचे बाबा ट्रक चालवतात, महिना महिना घरी नसतात. तिच्या निबंधाखाली त्यांनी कुठल्याशा ढाब्यावरून लिहिलं, ‘वाचलं बेटा. दोनदा वाचलं.’ ती पोरगी दिवसभर वर्गात मोबाईल मागत होती. मलाही त्या दिवशी भरून आलं.

मग मी क्षेत्रभेट काढली. आमच्याच वावरात. आमचे हे भाजीपाला करतात आणि त्या दिवशी वाशिमच्या बाजारात मेथी घेऊन गेले होते. आदल्याच दिवशी मी वर्गात सोटमूळ आणि तंतुमूळ शिकवलं होतं. मी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यापाशी फोटो काढत असताना वर्गानं वांग्याच्या नव्या लावणीतलं एकेक रोप उपटून सोटमूळ पाहिलं. मुलं गुणाची! प्रत्येकानं आपलं रोप पुन्हा जागच्या जागी खोचून ठेवलं. संध्याकाळी ब्लॉगवर फोटो झळकले: ‘बाईंच्या शेतात आम्ही मुळे पाहिली. खूप मजा आली!’

यांनी तो फोटो बाजारातच पाहिला. घरी आले, वावरात जाऊन माना टाकलेली रोपं पाहिली आणि बोलणं बंद केलं.

आता अबोल्याचीही एक रीत असते. आमच्याकडे तो आमच्या लेकीमार्फत, गुड्डीमार्फत चाले. ‘तुह्या मायले सांग, मीठ कमी हाय.’ ‘तुह्या बाबाले सांग, वरून घ्या म्हणा.’ पण गुड्डी यंदा अकोल्याला शिकायला गेलेली. मधला माणूसच नाही! दोन दिवस यांनी मांजराला निरोप दिले. मांजरानं दाद दिली नाही. मग क्षेत्रभेटीच्या फोटोंखाली प्रतिक्रिया आली:

‘वांग्याची रोपं मेली. बाईले कोनीतरी सांगा. — एक पालक.’

मी पोळ्या लाटत होते. न वाचताच पिठाच्या बोटानं ‘मंजूर’ दाबलं.

‘काहून मेली भाऊ?’ कुणीतरी विचारलं. ‘पानी द्या,’ आणखी एकानं सुचवलं. दुसऱ्या दिवशी ‘माझी आई’ या निबंधाखाली: ‘बाईले सांगा, आज वरनात मीठ नव्हतं. — एक पालक.’ तेही सवयीनं मंजूर! लगेच पायलच्या आईनं लिहिलं, ‘बाई, मीठ टाकत जा ना वं!’

मुख्याध्यापकांनी मला बोलावलं.

“ब्लॉग जोरात चालू राह्यला बाई! पण हा एक पालक कोन? अन् त्याले तुमच्या घरचं वरन कसं माहीत?”

मी टेबलावरचं हजेरीपत्रक उघडून नावं मोजू लागले.

“वरचे साहेब पाहनार हायेत. हे थांबवा, नाहीतर ब्लॉग बंद करा.”

मला आधी आठवली पायल. पण घरी जाऊन पहिलं बोलायचं म्हणजे हार! मी यांच्या प्रतिक्रिया मंजूर करणंच बंद केलं. काय ती माझी अक्कल!

त्या एकदम पुसून टाकाव्यात म्हणून चार दिवसांनी शाळा सुटल्यावर उघडल्या. एकाखाली एक साचल्या होत्या.

‘नवी रोपं लावून राह्यलो. एकटाच.’

‘रोपाचं दुःख नाही. मले बोलावलं असतं तर मीच एक रोप उपटून पोट्ट्यायले मूळ दाखवलं असतं. वावर माहं, अन् मलेच इचारलं नाही.’

शेवटची: ‘बाई, घरात बोलाले बी तुमची मंजुरी लागते काय?’

मला फार वाईट वाटलं. गावाशी संवाद साधायला मी ब्लॉग काढला, आणि शेजारी जेवणाऱ्या माणसाला एक शब्द विचारला नव्हता. मी तशीच वावरात गेले. हे वाकून रोपं लावत होते.

“शनिवारी पोरं घेऊन येऊ का? तुमीच शिकवा.”

यांनी मान वर केली नाही. हातातल्या रोपाला म्हणाले, “बाईले सांग, या म्हना.”

“अन् रोपा, त्यायले सांग, मी बी लावू लागते.”

मग मात्र हे हसले.

शनिवारी यांनी झकास शिकवलं. मधे मी तीनचारदा सुधारणा सुचवल्या. संध्याकाळी मुलांच्या लेखाखाली प्रतिक्रिया आली: ‘बाई चांगल्या शिकवतात. फक्त दुसऱ्याले बोलू देत नाहीत. — पालक, आता नाव सांगाले हरकत नाही, बाईंचे मालक.’

मी या वेळी नीट वाचून ‘मंजूर’ दाबलं. सकाळी पाहते तो, खाली रांगेनं एकच शब्द: ‘सहमत’. सगळे पालक, शिवाय मुख्याध्यापक. पालक सभेला एवढी हजेरी मला आजवर कधी लाभली नव्हती!