अंघोळीचा प्रश्न

“तू अंघोळ कधी करतेस?”

भर वर्गात विचारलं मला हे. विचारणारा विठ्ठल, बाजारातल्या किराणा दुकानदाराचा मुलगा, माझ्याच सातवीच्या वर्गातला. मी उभी होते. गुरुजी खुर्चीत. सगळा वर्ग मान वळवून मागे बघत होता, कारण माझी जागा शेवटी, दाराशी, घरून आणलेल्या तरटावर.

मला वाटलं, गुरुजी त्याला खाली बसवतील. गुरुजी म्हणाले, “प्रश्न मुद्द्याला धरून आहे. उत्तर दे.”

मी उत्तर दिलं. “पाणी मिळंल तसं.”

वर्ग हसला.

“मिळंल नव्हे. मिळेल,” गुरुजी म्हणाले.

“म्हणजे कधी?” विठ्ठल.

“आईतवारी.”

“आणि तुझी आई?”

मी तेही सांगितलं. “आय आदी आमाला घालती. उरलं तर मग ती.”

आता हसणं थांबेना. पुढच्या बाकावरच्या एकाने नाकाला रुमाल लावला. गुरुजींनी टेबलावर पट्टी आपटली. “शांतता. ही चर्चा आहे.” मग माझ्याकडे बघून, अगदी मायेने, “तू मनाला लावून घेऊ नकोस. वादसभेत माणूस नसतो, मुद्दा असतो.”

मुद्दा म्हणजे मी. मी आणि माझी आई.

दर शनिवारी शेवटच्या तासाला आमची वादसभा व्हायची. गुरुजींनीच ती सुरू केलेली. पुण्याहून आलेले, खादी घालणारे, कधी हात न उगारणारे. त्यांच्या आधीच्या मास्तरांनी मला ओसरीत बसवलं होतं, गुरुजींनी मला वर्गात घेतलं. शाळेत महारवाड्यातली मी एकटीच मुलगी. बाप रेल्वेच्या ग्यांगमधे, खंडाळ्याच्या घाटात रूळ सांभाळायला. मला गुरुजींसारखं बोलायचं होतं. गुरुजींसारखं, थांबून थांबून, शुद्ध.

त्या शनिवारी फळ्यावर विषय होता, सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या कराव्यात काय? विठ्ठल विरुद्ध बाजूने. खुल्या कराव्यात म्हणून बोलणार शरद, डॉक्टरांचा मुलगा. मला गुरुजींनी आधीच सांगितलं होतं, “तू बोलायचं नाहीस. कुणी काही विचारलं तर माहिती दे.”

माहिती दिली ती अशी.

माझ्यानंतर शरद उठला. सुंदर बोलला तो. आमच्या या अभागी बांधवांना दोष देऊ नका, म्हणाला. पाणी मिळालं की त्यांचीही घाण जाईल. घाण म्हणताना त्याने हात माझ्याकडे केला. मी तरटाचा दोरा ओढत बसले. बाजू घेणाराही मलाच दाखवत होता.

मग हात वर करून मतं घेतली. ठराव पास झाला. विहिरी खुल्या कराव्यात. मीही हात वर केला होता, पण तो गुरुजींनी मोजला नाही. “तुझा नको. तुझाच तर विषय आहे.” टाळ्या वाजल्या. गुरुजींचे डोळे भरून आले होते. मला ते दिसलं, आणि तेव्हाही मला वाटलं की चूक माझ्यातच आहे, नाहीतर एवढ्या चांगल्या माणसासमोर मला अंग चोरावंसं का वाटावं?

शाळा सुटली. सगळे ओसरीवरच्या माठाकडे पळाले. मी नेहमीसारखी पायरीच्या खाली उभी राहिले. मला हाताने पाणी घेता येत नसे, कुणीतरी वरून ओतायचं. त्या दिवशी पाणी काढायचा डवला शरदच्या हातात होता. त्याने तो वर, खूप वर धरला. माझा स्पर्श होऊ नये म्हणून. “हात पुढे कर,” म्हणाला. चांगल्या आवाजात म्हणाला. आत्ताच भाषण करून आलेला मुलगा. त्याला त्यात काहीच वावगं दिसत नव्हतं.

मी ओंजळ केली. पाणी आलं. आणि मी ओंजळ सोडली.

“प्यायचं न्हाई मला.”

गुरुजी दारात होते. म्हणाले, “अगं, ठराव झाला म्हणजे लगेच आजपासून होतं असं नाही. मनं हळूहळू तयार होतात.”

घरी जाताना मी ओढ्यावर थांबले आणि दगडाने अंग घासलं. हात, मान, पाय. घासता घासता स्वतःचाच वास घेऊन बघत होते. कोपराचं कातडं निघालं, रक्त आलं, तरी वास येतोय असं वाटेच.

आईने कोपर बघितलं. “कुनी मारलं?”

“कुनी न्हाई.”

मग मी सांगितलं. ती विहिरीवरून आली होती. तिथं दगडावर बसून राहायचं, कुणी येईल, दया येईल, घागरीत ओतेल. अर्धा दिवस त्यात जायचा. तिने सगळं ऐकलं.

“गुरुजी कुटं हुते?”

“तितंच.”

“आन् तू माजं न्हाणं सांगितलंस? पोरांम्होरं?”

ती रागावली नाही. नुसता पदर नीट केला, अंगभर ओढून घेतला, जणू ती पोरं चुलीपाशी येऊन बसली होती. विठ्ठलचं हसणं मी विसरेन. आईने पदर ओढला तो मला आजही दिसतो. तिचं उघडं अंग मी वर्गात नेऊन ठेवलं होतं, ते एका भल्या माणसाच्या सांगण्यावरून.

पुढच्या शनिवारी गुरुजी विषय लिहायला फळ्याकडे वळले. मी उभी राहिले.

“गुरुजी, मागला इषय संपला न्हाई.”

“संपला. ठराव झाला.”

“मला इचारलं, तसं इठ्ठललाबी इचारा. तू अंगूळ कदी करतो? तुजी आय कदी करती?”

कुणी हसलं नाही. विठ्ठल लालबुंद झाला. गुरुजींचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

“हा उद्धटपणा आहे.”

“मला इचारलं तवा चर्चा हुती. त्याला इचारलं की उद्धटपणा व्हय?”

“बाहेर हो.”

मी तरट उचललं आणि बाहेर झाले. वर्षभर शनिवारी मला वादसभेत घेतलं नाही. ओसरीत बसून मी आतले आवाज ऐकले, आणि एक गोष्ट मला कळत गेली. आत सगळे सभ्य बोलत होते. आवाज चढत नव्हते. अपमान त्या सभ्यपणातच बसलेला होता, कारण कुणी बोलायचं आणि कुणाला नुसतं तपासायचं हे फळ्यावर विषय लिहायच्या आधीच ठरलेलं असे.

सातवी पास झाले. पुण्याला ट्रेनिंग केलं. कामशेतजवळच्या एका गावात शाळा मिळाली. माझ्या वर्गातही मी मुलांना बोलायला लावते. विहीर, बाजार, शेताचा बांध, सगळ्यांवर. सगळी गोल बसतात, मी सुद्धा. ज्याच्याबद्दल बोलणं आहे त्याला पहिल्यांदा बोलायचा हक्क, आणि गप्प बसायचाही. मत खोडायचं, खुशाल खोडा. कुणाच्या घरात शिरायचं नाही. मुलं भांडतात, अडखळतात, पण ऐकायला शिकतात. कुणाच्या बोलीला कुणी हसलं की मी बोलणं थांबवते, आणि हसणाऱ्याला विचारते, तो काय म्हणाला ते सांग. बहुतेकांना सांगता येत नाही. मग पुन्हा ऐकावं लागतं.

एकदा तपासणीला साहेब आले. चर्चा बघून खूश झाले. वर्गात एक कातकऱ्याची मुलगी होती, नुकतीच बोलायला लागलेली. साहेब तिच्याकडे वाकून, हसून म्हणाले, “तुम्ही लोक उंदीर खाता ना? सांग बघू सगळ्यांना, कसे पकडता?”

मुलगी उठली. तिने तोंड उघडलं. ती सांगणार होती. साहेबांनी विचारलं म्हणून सांगणार होती.

माझं कोपर चरचरलं. मी मधे जाऊन उभी राहिले.

“तिला हे विचारायचं नाही, साहेब.”

“अहो बाई, मी सहज विचारलं. मुलांना माहिती होईल.”

“माहिती हवी असेल तर आधी आपल्या घरी काय शिजतं ते आपण सांगा. मग तिला वाटलं तर ती सांगेल.”

साहेबांनी चष्मा काढला. “तुमच्या वर्तनाबद्दल मला वर लिहावं लागेल.”

“लिहा,” मी म्हटलं.

मुलीला मी खाली बसवलं. साहेब गेले. लाज गेलेली नाही, ती जायची नाही. नोकरी राहील का, मला माहीत नाही. पण मी ज्या खोलीत शिकवेन, त्या खोलीत कुठल्याही पोराला स्वतःच्या आईची साक्ष द्यायला उभं करू देणार नाही. साहेब असो, गुरुजी असो. बाहेर व्हायचं असेल तर त्यांनी व्हावं.